हृदयासाठी दिलेलं इंजेक्शन आणि फुप्फुसातला कर्करोग

औषधाच्या मोठ्या चाचणीत प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे बऱ्याच गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात. ज्या आजारासाठी औषध दिलं त्याचं काय झालं हे तर आलंच. पण ताप आला का, न्यूमोनिया झाला का, कॅन्सर निघाला का, हेही लिहायचं असतं. औषधाने काही घात तर होत नाही ना, हे पाहण्यासाठी हे रकाने असतात. 'कॅन्टोस' नावाच्या चाचणीत अशाच एका रकान्यातून २०१७ साली जे बाहेर आलं, त्याचा अर्थ लावणं अजून चालू आहे.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलं. दाह आणि कॅन्सर यांच्या नात्याबद्दल आपल्याकडे जे वाचायला मिळतं, ते बहुतेक एकाच सुरातलं असतं: शरीरातली सूज घालवा, कॅन्सर जवळ फिरकणार नाही. घरात कॅन्सरचा रुग्ण असलेली माणसं हे वाचतात, जिवाच्या आकांताने काढे उकळतात आणि गाठ वाढली की आपलंच काहीतरी चुकलं असं मनाला लावून घेतात. त्यांच्यासाठी तरी ही गोष्ट आधीपासून शेवटपर्यंत सांगायला हवी. तिच्यात यश आहे, तितकंच मोठं अपयश आहे, आणि दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय दोहोंपैकी एकही समजत नाही.

चाचणी कशासाठी होती

हृदयविकाराचा झटका म्हटलं की आपण कोलेस्टेरॉलचं नाव घेतो. पण झटका येणाऱ्यांत कोलेस्टेरॉल आटोक्यात असलेलेही पुष्कळ असतात. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधले डॉ. पॉल रिडकर १९९० च्या दशकापासून सांगत होते की रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीभोवती दाह धुमसत असतो आणि झटक्यात त्याचाही हात असतो. या दाहाची खूण रक्तात मिळते. यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, नावाचं प्रथिन तयार करतं आणि दाह असला की ते वाढतं.

यावर शंका घेणाऱ्यांचा प्रश्न रास्त होता. दाह हे कारण आहे की नुसती सोबत? धूर दिसतो म्हणजे आग आहे हे खरं, पण नुकसान आगीने झालं की आणखी कशाने? त्याचं उत्तर मिळवण्याचा एकच मार्ग होता. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करायचा आणि झटके कमी होतात का ते पाहायचं.

त्यासाठी नोव्हार्टिस कंपनीचं कॅनाकिनुमॅब हे औषध निवडलं गेलं. ते मुळात दुर्मिळ आनुवंशिक आजारांसाठी बनवलेलं. या आजारांत लहान मुलांना वरचेवर ताप येतो, अंगावर पुरळ उठतो, सांधे धरतात, कारण त्यांच्या शरीरात इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा रेणू बेसुमार तयार होत राहतो. कॅनाकिनुमॅब हे त्या एकाच रेणूला पकडून निकामी करणारं प्रतिपिंड आहे. अमेरिकेत २००९ साली त्याला मान्यता मिळाली होती.

पूर्वी झटका येऊन गेलेले आणि तरीही सीआरपी लिटरमागे २ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असलेले १०,०६१ रुग्ण जगभरातून घेतले गेले. चार गट पाडले. एका गटाला नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं पण दिसायला तसंच इंजेक्शन, बाकी तिघांना दर तीन महिन्यांनी ५०, १५० किंवा ३०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन त्वचेखाली. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. रुग्णांमागे सरासरी पावणेचार वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलं गेलं.

हृदयाचं उत्तर थोडक्यात सांगतो, कारण आपला विषय तो नाही. १५० मिलिग्रॅमच्या गटात झटका, पक्षाघात आणि हृदयामुळे होणारा मृत्यू हे सगळं मिळून १५ टक्क्यांनी घटलं, आणि तेही कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे असताना. रिडकर यांचा मुद्दा सिद्ध झाला. पण औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि एकूण मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नाही.

रकान्यात काय निघालं

प्रतिकारशक्तीचा एक धागा कापणारं औषध दहा हजार माणसांना वर्षानुवर्षं द्यायचं म्हटल्यावर कॅन्सरवर नजर ठेवणं भागच होतं. प्रतिकारशक्ती दबली तर गाठी वाढतील, ही भीती वैद्यकात जुनी आहे. म्हणून चाचणीत निघालेला प्रत्येक कॅन्सर तज्ज्ञांच्या वेगळ्या समितीकडे जात होता, आणि रुग्ण कोणत्या गटातला हे त्या समितीलाही सांगितलेलं नव्हतं.

पूर्ण काळात फुप्फुसाचा कर्करोग निघाला १२९ जणांना. प्लासिबोच्या तुलनेत ५० मिलिग्रॅमच्या गटात तो २६ टक्क्यांनी कमी होता (हा फरक योगायोगाचाही असू शकला असता), १५० च्या गटात ३९ टक्क्यांनी आणि ३०० च्या गटात ६७ टक्क्यांनी. फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू ३०० च्या गटात ७७ टक्क्यांनी कमी होते. सगळ्या कॅन्सरांनी मिळून झालेले मृत्यूही त्या गटात जवळपास निम्म्यावर आले होते. २७ ऑगस्ट २०१७ रोजी बार्सिलोनाच्या परिषदेत हृदयाचे निकाल मांडले गेले, त्याच दिवशी हा दुसरा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

या आकड्यांतली पायरी महत्त्वाची आहे. मात्रा जसजशी वाढली तसतसा कर्करोग कमी झाला. निव्वळ योगायोग सहसा इतक्या शिस्तीने वागत नाही. तरीही निबंध लिहिणाऱ्यांनीच हात राखून लिहिलं की हा चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता आणि याची स्वतंत्रपणे पुन्हा पारख व्हायला हवी. त्यांचा हा सावधपणा पुढे फार खरा ठरला.

आणखी एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. फुप्फुसातली एखादी पेशी बिघडल्यापासून स्कॅनमध्ये गाठ दिसेपर्यंत बहुधा कितीतरी वर्षं जातात. चाचणी चालली चारेक वर्षं. म्हणजे त्या काळात ज्यांच्या गाठी दिसल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या छातीत त्या पहिल्या इंजेक्शनच्या दिवशीच कुठेतरी बारीक रूपात असणार. शिवाय या रुग्णांत आजी-माजी धूम्रपान करणारे मोठ्या संख्येने होते. तेव्हा औषधाने कॅन्सरचा जन्म रोखला असं म्हणता येत नाही. आधीच असलेल्या, पण अजून कोणाला न दिसलेल्या गाठींची वाढ त्याने मंदावली असावी, असंच संशोधकांनीही मानलं.

एकच तार, दोन अवयव

हृदयाच्या औषधाचा फुप्फुसाशी संबंध येतोच कसा? इथे जरा पेशीच्या आत उतरावं लागेल.

आपल्या शरीरात कचरा गिळणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या आत एनएलआरपी३ नावाच्या प्रथिनाभोवती उभी राहणारी एक यंत्रणा आहे. पेशीने असं काही गिळलं की जे तिला पचत नाही, तर ही यंत्रणा जागी होते. ती एका विकराला (एन्झाइमला) कामाला लावते, ते विकर इंटरल्युकिन-१ बीटाचं झाकण उघडतं आणि तो रेणू बाहेर पडतो. त्याच्या हाकेने आणखी पेशी धावून येतात, इंटरल्युकिन-६ वाढतं, त्याचा निरोप यकृताला पोचतो आणि रक्तात सीआरपी चढतं.

न पचणाऱ्या वस्तू कोणत्या? रक्तवाहिनीत कोलेस्टेरॉलचे स्फटिक. फुप्फुसात सिलिकाची धूळ, ॲस्बेस्टॉसचे तंतू. २००८ ते २०१० या दोन वर्षांत वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवून दिलं की हे तिन्ही त्याच यंत्रणेला जागं करतात. दगडाच्या खाणीतला मजूर आणि ऑफिसात बसून झटका येणारा माणूस यांच्या शरीरात एकच घंटा वाजत असते, फक्त जागा वेगळी.

घंटा वाजली, पाहुणे आले, काम झालं, गेले, तर काही बिघडत नाही. बोट कापलं की ते लाल होतं, सुजतं, ठणकतं आणि आठवड्याभरात खपली पडून जाते. हा दाह आपला रक्षणकर्ता आहे. त्याच्यावाचून जखम भरणार नाही. दुखणं आहे ते न ओसरणाऱ्या दाहाचं. तो वर्षानुवर्षं चालला की पेशींना सतत वाढण्याचे निरोप जात राहतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, ऊतीची बांधणी सैल होते. भरून येण्यासाठी केलेली ही तयारी शेजारच्या एखाद्या बिघडलेल्या पेशीच्या आयतीच उपयोगी पडते. इस्रायलमधल्या संशोधकांनी २००३ साली उंदरांत हे फार स्वच्छ दाखवलं होतं. इंटरल्युकिन-१ बीटा ज्यांच्यात मुळातच नाही अशा उंदरांत कॅन्सरच्या पेशी सोडल्या तर त्यांना रुजणं आणि पसरणं जड जात होतं.

आपल्याकडे हे नातं उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तेही कातडीवर. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली 'धोतराच्या कर्करोगा'चं वर्णन केलं. कमरेला धोतर रोज त्याच जागी आवळून बांधायचं. तिथे आधी वळ, मग काळपट जाड कातडी, मग न भरणारा व्रण, आणि बऱ्याच वर्षांनी काही जणांत त्या व्रणात कॅन्सर. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन वयस्कर स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतली एक कित्येक दशकं लुगडं कमरेला घट्ट बांधत आलेली होती. गावाकडे अशा व्रणाला बायका खोबरेल तेल लावून पदर ओढून घेतात आणि कामाला लागतात. महिनोन्महिने न भरणारी जखम डॉक्टरला दाखवायची असते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. फुप्फुसातला दाह तर पदराआडही नसतो, तो कोणालाच दिसत नाही.

जमालगोट्याचं तेल

कॅन्टोसचा निकाल कळायला आणखी सत्तर वर्षं मागे जावं लागतं. जमालगोटा आपल्या आजीच्या पिढीला चांगला माहीत होता, जहाल जुलाबाचं औषध म्हणून. त्याच्या बियांचं तेल कातडीला लागलं तर आग होते, फोड येतात. ऑक्सफर्डमध्ये आयझॅक बेरेनब्लम यांनी हे तेल १९४० च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांत वापरलं.

उंदराच्या पाठीवर कॅन्सर करणारं रसायन अगदी थोडं, एकदाच लावलं, तर काही झालं नाही. नुसतं जमालगोट्याचं तेल आठवडेच्या आठवडे लावलं, तर कातडी लाल झाली, सुजली, पण गाठी जवळजवळ उठल्याच नाहीत. आधी एकदा रसायन आणि मग पुन्हा पुन्हा तेल, असं केलं तर मात्र गाठीच गाठी. रसायनानंतर बरेच आठवडे थांबून तेल सुरू केलं तरी तेच. क्रम उलटा केला, आधी तेल आणि शेवटी रसायन, तर पुन्हा काही नाही.

म्हणजे कामं दोन आहेत. पेशीच्या डीएनएत कायमचा बिघाड करणं हे एक, आणि त्या बिघडलेल्या पेशीला चेतवून वाढायला लावणं हे दुसरं. पहिलं काम एकदाच होतं आणि पुसलं जात नाही. दुसरं सतत करत राहावं लागतं, आणि म्हणूनच ते मध्येच थांबवताही येतं. दाह मुख्यत्वे या दुसऱ्या कामाचा धनी आहे. 'दाहाने कॅन्सर होतो' हे वाक्य म्हणूनच मला अपुरं वाटतं. बी पडलेलं असतं. दाह त्याला ओल पुरवतो.

कॅन्टोसमधले रुग्ण आठवा. बिघाड झालेला, सिगारेटने बहुधा फार पूर्वीच केलेला. चेतवणं चालू होतं. इंजेक्शनने ते चेतवणं कमी झालं. उंदरांच्या पाठीवरचा तो जुना प्रयोगच जणू इथे माणसांच्या छातीत, उलट दिशेने घडला.

मग गाठ असलेल्यांना देऊन पाहिलं

मृत्यूंत ७७ टक्के घट हा आकडा पाहिल्यावर कोणतीही कंपनी थांबली नसती, आणि थांबायला नकोच होतं. दरवर्षी जगात कोणत्याही कॅन्सरपेक्षा जास्त माणसं फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात. नोव्हार्टिसने 'कॅनोपी' या नावाने चाचण्यांची मालिका सुरू केली. यात कॅन्सर हाच मुख्य प्रश्न होता. मात्राही जास्त होती: दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम.

पहिला निकाल मार्च २०२१ मध्ये आला. आधीचे उपचार निकामी ठरलेल्या २३७ रुग्णांना केमोबरोबर कॅनाकिनुमॅब दिलं होतं. आयुष्य वाढलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुसरा निकाल. आजार पसरलेला, पण उपचार नुकतेच सुरू होणारे ६४३ रुग्ण, केमो आणि इम्युनोथेरपीच्या जोडीला हे औषध. फरक औषधाच्या बाजूला थोडासा झुकला, पण सिद्ध म्हणावा इतका नाही.

लोक म्हणाले, आजार फार पुढे गेलेला होता, बैल गेला आणि झोपा केला. तसं असेल तर तिसरी चाचणी यशस्वी व्हायला हवी होती. तिच्यात १,३८२ असे रुग्ण होते की ज्यांची गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढून टाकलेली होती. शरीरात उरला असेल तर डोळ्यांना न दिसणारा अंश. कॅन्टोसच्या रुग्णांशी सगळ्यांत जवळचं साम्य याच गटाचं. ऑगस्ट २०२२ मध्ये तिचाही निकाल नकारात्मक आला. आजार परत न येता गेलेला काळ (मध्यक) औषधाच्या गटात ३५ महिने, प्लासिबोच्या गटात २९.७ महिने, ऐकायला बरा वाटणारा हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

हे वाचताना मला त्या १,३८२ कुटुंबांचा विचार येतो. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, आणि कोणी सांगितलं की परत येऊ नये म्हणून एक नवं इंजेक्शन आहे. त्यांनी हो म्हटलं. त्यांच्या त्या होकारामुळेच आज आपल्याला हे उत्तर ठाऊक आहे. फसलेल्या चाचणीच्या बातमीत ही माणसं कुठेच नसतात.

मग २०१७ चा निकाल खोटा होता का? मला तसं वाटत नाही, पण तो योगायोग असण्याची शक्यता तेव्हा जितकी होती त्याहून आता जास्त धरावी लागते, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. मला पटणारं स्पष्टीकरण असं. शस्त्रक्रियेने काढण्याजोगी झालेली गाठ ही लहान बाब नव्हे. तिच्या पेशींनी तोवर वाढीचे स्वतःचे मार्ग शोधलेले असतात, प्रतिकारशक्तीला चकवा देण्याचे डावही. मागे उरलेला अंश त्याच मुरलेल्या पेशींचा. त्यांना इंटरल्युकिन-१ बीटाच्या हाकेची गरज उरलेली नसते. रोपाला ओल लागते. झाडाची मुळं खोल गेल्यावर वरचं पाणी तोडून ते वाळत नाही.

शिवाय दाह ही एकच वस्तू नाही. रिडकर यांच्याच गटाने ४,७८६ हृदयरुग्णांवर दुसरी चाचणी केली. तिच्यात संधिवातात वापरलं जाणारं मेथोट्रेक्सेट अल्प मात्रेत दिलं. तेही दाह कमी करणारं म्हणूनच ओळखलं जातं. २०१८ च्या अखेरीस निकाल आला: इंटरल्युकिन-१ बीटा कमी झालं नाही, सीआरपी कमी झालं नाही, झटकेही कमी झाले नाहीत. त्वचेच्या काही कॅन्सरांचं प्रमाण उलट किंचित वाढलेलं दिसलं. दोन्ही औषधं दाहावरची, पण एकाने नेमका नळ बंद केला आणि दुसऱ्याने भलताच.

लंडनहून आलेला दुवा

कॅनोपीच्या अपयशाने विषय संपला असता, पण एप्रिल २०२३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वांटन यांच्या गटाने 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक काम प्रसिद्ध केलं. त्यांचा प्रश्न वेगळा होता: आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेल्यांना फुप्फुसाचा कर्करोग का होतो?

इंग्लंड, दक्षिण कोरिया, तैवान आणि कॅनडा इथल्या जवळपास ३३ हजार रुग्णांच्या माहितीवरून त्यांना दिसलं की हवेत पीएम २.५, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक कण, जितके जास्त, तितका ईजीएफआर या जनुकातल्या बिघाडाचा कर्करोग जास्त. मग त्यांनी २९५ जणांच्या फुप्फुसांतल्या निरोगी दिसणाऱ्या ऊती तपासल्या. १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरचा, आणि ५३ टक्के नमुन्यांत केआरएएस या दुसऱ्या जनुकाचा, कॅन्सरला कारण होणारा बिघाड आधीच सापडला. कॅन्सर नसलेल्या ऊतीत! हे बी आपल्यापैकी अनेकांच्या छातीत वयाबरोबर पडतच असणार, आणि बहुतेकांत ते आयुष्यभर निजून राहतं.

त्यांनी असाच बिघाड असलेले उंदीर घेतले आणि त्यांच्या श्वासनलिकेत प्रदूषणाचे कण सोडले. कचरा गिळणाऱ्या पेशी फुप्फुसात धावल्या, त्यांनी इंटरल्युकिन-१ बीटा सोडलं आणि बिघडलेल्या पेशी वाढायला लागल्या. आणखी काही उंदरांना कण देतानाच त्या रेणूला अडवणारं प्रतिपिंड दिलं. त्यांच्यात गाठी त्या मानाने कमी झाल्या.

रेणू तोच, अडवण्याची रीत तीच. वेळ मात्र वेगळी: गाठ होण्याआधीची, चेतवणं चालू असतानाची. कॅन्टोसमध्ये जे अजाणता घडलं असावं आणि कॅनोपीत जे हुकलं, त्या दोहोंना जोडणारा मला ठाऊक असलेला सगळ्यात भक्कम दुवा हाच आहे.

आपल्याकडे याचा काय अर्थ

टाटा मेमोरियलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ४८९ रुग्णांपैकी निम्म्या जणांनी कधीच धूम्रपान केलेलं नव्हतं. 'त्यांनी तर कधी सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही, मग त्यांनाच कसा?' हा प्रश्न वॉर्डाबाहेर बसलेल्या बायका विचारतात तेव्हा त्यात स्वतःला दोष देणं लपलेलं असतं. चुलीपुढे गेलेली तीस वर्षं, डिझेलचा धूर, बांधकामाची धूळ, यांना आपण सवयीने हवाच समजतो. आणि बिडी-सिगारेट तर बी पेरणं आणि पाणी घालणं ही दोन्ही कामं एकटीच करते, म्हणून ती ज्या दिवशी सोडाल त्या दिवसापासून निदान पाणी तरी बंद होतं.

सीआरपीबद्दलही सांगायला हवं, कारण हल्ली तपासण्यांच्या पॅकेजमध्ये ते असतं आणि आकडा ठळक छापून आला की घरात रडारड होते. कॅन्टोसमध्ये ज्यांना पुढे फुप्फुसाचा कर्करोग निघाला त्यांचं सुरुवातीचं सीआरपी सरासरीने ६ होतं, इतरांचं ४.२. फरक खरा आहे, पण एका माणसाच्या बाबतीत त्यावरून काहीच सांगता येत नाही. हिरड्या सुजल्या, सर्दी झाली, वजन वाढलं तरी सीआरपी चढतं. आणि लपलेली गाठ स्वतःही ते चढवू शकते, म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण हेही त्या आकड्यातून कळत नाही.

हळदीचं विचारणारे सगळ्यात जास्त. हळदीतलं कुरकुमीन काचेच्या बशीतल्या पेशींवर दाह कमी करतं, हे खरं आहे. पण खाल्लेल्या हळदीतलं फार थोडं रक्तात उतरतं. नेमक्या रेणूला पकडणारं, मोजून टोचलेलं औषधसुद्धा शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या अंशाला अडवू शकलं नाही, तिथे दुधातली हळद गाठ जिरवेल अशी आशा मी कोणाला देणार नाही. आमटीत हळद घाला, रात्री दूध प्यायचं तर प्या. पण त्यासाठी केमोची तारीख पुढे ढकलू नका, आणि केमो चालू असताना कुरकुमीनच्या कॅप्सूल घेत असाल तर आपल्या डॉक्टरांना आधी सांगा.

मग निरोगी माणसांना कॅनाकिनुमॅब आधीच का देऊ नये? कॅन्टोसचाच हिशेब पुरेसा आहे. दहा हजार जणांत, त्यातही बहुतांश धूम्रपान केलेल्यांत, जवळपास चार वर्षांत फुप्फुसाचे कर्करोग निघाले १२९. त्यातले काही टाळण्यासाठी सगळ्यांना टोचायचं, आणि त्या बदल्यात दर हजारी वर्षाला एखादा जास्तीचा जीव जंतुसंसर्गाने गमवायचा. अमेरिकेत दुर्मिळ आजारांसाठी या औषधाची वर्षाची किंमत तेव्हा सुमारे दोन लाख डॉलर होती. शिवाय इंटरल्युकिन-१ बीटाचं मूळ काम जंतूंशी लढणं हेच आहे. कॅन्टोसमध्ये पूर्ण काळात क्षयरोगाचे सहा रुग्ण निघाले. औषध आणि प्लासिबो यांत त्याचं प्रमाण सारखंच होतं, पण त्या सहांपैकी पाच भारतातले होते. ज्या देशात क्षयाचे जंतू इतक्या छात्यांत निजलेले आहेत, तिथे या रेणूला वर्षानुवर्षं बांधून ठेवायचं म्हणजे वेगळाच हिशेब मांडावा लागेल.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयरोगासाठी कॅनाकिनुमॅबला २०१८ मध्येच नकार दिला होता. कॅनोपीनंतर कर्करोगाचंही दार बंद झालं. आज ते औषध पुन्हा प्रामुख्याने त्या दुर्मिळ तापांच्या मुलांसाठी वापरलं जातं, ज्यांच्यासाठी ते बनलं होतं. साधारण दोन महिन्यांनी एक इंजेक्शन, आणि त्यांचा ताप उतरतो, पुरळ जातो, सांधे मोकळे होतात.